अश्वगंधेचे वाफे: खत वापशाच्या तालावर

मंडळी, अश्वगंधेची विरळणी आणि पहिली कोळपणी (ओळींमधलं तण काढून माती भुसभुशीत करणं) उरकली, तेव्हा आता नोंद लिहायला हरकत नाही. जमीन हलकी, मुरमाड, पाणी फक्त पावसाचं. शेणखत, रासायनिक खत आणि जिवाणू खत तिन्ही द्यायची, तर कोणतं कधी, एवढंच यंदा पाहायचं आहे. किती द्यायचं यावर आपण तावातावाने बोलतो. कधी द्यायचं हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

हिशेब 10 चौरस मीटरच्या वाफ्याचा. शेणखत 5 किलो, म्हणजे हेक्टरी 5 टन. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का धरलं तर 25 ग्रॅम, पण त्यातलं बरंचसं सेंद्रिय रूपात अडकलेलं, या हंगामात पुरतं हाती लागणारं नाही. म्हणून जोडीला हेक्टरी 20 किलो नत्र आणि तितकंच स्फुरद (फॉस्फरस): 43 ग्रॅम युरिया, 125 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर फॉस्फेटबरोबर गंधक आणि कॅल्शियमही मिळतं. तुलनेसाठी शेजारी एक वाफा नुसत्या शेणखताचा, एक नुसत्या रासायनिक खताचा.

शेणखत पुरतं कुजलेलंच घेतलं. कच्च्या खतात नत्राच्या मानाने कर्ब फार असतो. ते कुजवताना सूक्ष्मजीव जमिनीतलंच नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. वर वाळवी आणि हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण.

जिवाणूंचं काम सगळ्यात नाजूक. अॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू किलोभर बियाण्याला प्रत्येकी 25 ग्रॅम या प्रमाणात, गुळाच्या गार पाण्यातून चोळले, सावलीत सुकवून लगेच पेरणी. बी बारीक, त्यामुळे पाणी बेतानेच. जास्त झालं की गोळे होतात आणि वाळूत मिसळून पेरता येत नाही. पण कोरडवाहूत नुसत्या बीजप्रक्रियेवर माझा भरवसा नाही. वरचा थर तापला, सुकला की जिवाणू मरतात. म्हणून तेच जिवाणू संवर्धक ओलसर शेणखतात मिसळून सावलीत ओल्या गोणपाटाखाली मुरवलं आणि पेरणीच्या वेळी ओळीत दिलं. खतात ओल टिकते, आणि अॅझोटोबॅक्टरला लागणारा कर्बही तिथेच मिळतो. मायकोरायझा (मुळांशी जोडून राहणारी, त्यांना स्फुरद पुरवणारी बुरशी) बियाण्याखाली चरात टाकलं, मूळ फुटताच त्याची गाठ पडावी म्हणून. ही बुरशी असेल तर स्फुरदाचा मारा करू नये. आयतं मिळालं की झाड तिला थारा देत नाही.

युरिया मात्र पेरणीला अजिबात नाही. विरळणीनंतर, वापसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असताना, ओळीच्या बाजूला, वर मातीचं झाकण. कोरड्या, चुनखडीच्या जमिनीवर नुसता फेकला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सध्या अर्धाच दिला आहे; उरलेला पुढच्या पावसावर. पाऊस नाही, तर युरियाही नाही. हे मला पटलेलं आहे, तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा.

आतापर्यंतचं चित्र असं: नुसत्या रासायनिक खताचा वाफा सुरुवातीला सगळ्यात हिरवागार, पानं रुंद. उघडीप लांबली तशी दुपारी मान टाकणाराही तोच पहिला. मिश्र वाफा (तिन्ही खतांचा) जरा मागे होता, आता बरोबरीला आला आहे. नुसत्या शेणखताचा फिकट, पण तग धरून. विरळणीत उपटलेल्या रोपांत मिश्र वाफ्यातलं सोटमूळ सरळ आणि लांब दिसलं. पानांवरून निकाल लावणार नाही. आपल्याला मूळ हवं आहे, आणि नत्र फार झालं की अश्वगंधा पाल्यातच रमते.

सोनामुखीला रायझोबियम (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून नत्र धरणारे जिवाणू) लावावं का, असं काहींनी विचारलं होतं. ती शेंगवर्गीय असली तरी मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाही, तेव्हा ते पाकीट हरभऱ्याला ठेवा. तिला स्फुरदाचे जिवाणू आणि मायकोरायझा द्या.

आता काढणीपर्यंत थांबायचं: साधारण 150 ते 180 दिवस, फळं लाल आणि पानं पिवळी होईपर्यंत. वजन सुकलेल्या मुळांचंच घेईन. मिश्र वाफ्याच्या अर्ध्या भागात मुद्दाम निंबोळी पेंड टाकली आहे. सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या) गाठी दोन्ही भागांत सारख्याच आहेत का, ते मुळं उपटल्यावर पाहीन.