रविवारची तयारी आणि फ्रिजचं रबर: माझा अनुभव

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल गाठायची, तर साडेसहाला दोन डबे भरलेले हवेत. रविवारी दुपारी आठवड्याची तयारी करून ठेवायला लागल्यापासून ते जमतंय, आणि याचा मला अभिमान आहे. कांदा-खोबऱ्याचं वाटण, मोड आलेली मटकी, दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, निवडलेली गवार. एवढं हाताशी असलं की उसळ, आमटी पटापट होते. पोळ्या मात्र रोज ताज्या. संध्याकाळी दमून आल्यावर बाहेरून मागवणं जवळजवळ बंद झालं, आणलेली भाजी सडून फेकणंही थांबलं.

पण हा सगळा डोलारा फ्रिजवर उभा असतो, आणि मी अडकले ती तिथेच.

ऐन मे महिन्यात मंगळवारीच मटकी बुळबुळीत झाली, तिला आंबूस वास यायला लागला. वरचा बर्फ ठीक होता, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवला. सकाळी आकडा ११ अंश! तो ५ च्या आत हवा. त्याच्यावर अन्नात जंतू भराभर वाढतात. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं, तर ती अलगद बाहेर आली. म्हणजे दाराचं रबर सैल झालं होतं.

दोष कळला होता, भाग साधा होता. तरी कंपनीच्या हेल्पलाइनवर रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. ‘मॅडम, उद्या दुपारपर्यंत माणूस येईल.’ मी अर्धी रजा टाकून घरी बसायचे, आणि संध्याकाळी मेसेज: तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कुणी दारातही आलेलं नसताना! एकदा तर टेक्निशियनचा फोन आला, ‘पार्ट मागवायचाय, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा.’ त्या ओटीपीने तक्रार बंद होते. मी साफ नाही म्हटलं. तुम्हीही काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो आकडा कुणाला देऊ नका.

या काळात रविवारची तयारी पार बंद पडली. दूध रोज संध्याकाळचं आणायचं, भाजी स्टेशनबाहेरून त्या दिवसापुरती. तयारीने आपला किती वेळ वाचत होता, ते तेव्हा फार जाणवलं. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. बंद केलेल्या तक्रारींचे मेसेज जपून ठेवले होते, ते तिथे उपयोगी पडले. त्यानंतर कंपनीतून स्वतःहून फोन आला आणि माणूस रबर घेऊनच आला. काम अर्ध्या तासाचं! कंप्रेसरची वॉरंटी शिल्लक होती, पण रबर त्यात येत नसल्याने पैसे भरावे लागले. त्याचं काही वाटलं नाही, ताटकळत ठेवल्याचा राग मात्र अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ग्लासातला आकडा ४ वर आला आणि मी त्याच दिवशी मटकी भिजत घातली.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी आपल्या फ्रिजचं तापमान बघावं, डबे नंतर घ्यावेत. शिजवलेली भाजी तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नये. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की लागेल तेवढ्याच वड्या काढता येतात. कोथिंबीर न धुता, निवडून, कागदात गुंडाळून ठेवा. भात उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. तो बाहेर राहिला तर त्यात तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आणि फ्रिज गच्च भरू नका, डब्यांमधून गार हवा खेळायला जागा लागते. हे मला रबर बसवायला आलेल्या टेक्निशियननेच सांगितलं.