आईच्या गुडघ्यांच्या मापाचा जिना

पंचवटीतलं आमचं आजोळचं घर उतरवलं तेव्हा मामाने विचारलं, तुला काय हवंय, आणि मी लगेच म्हटलं तीन तुळया. त्या घरातला जिना अंधारा होता, इतका उभा की चढताना हात वरच्या पायरीला लागायचे आणि धरायला मधोमध एक जाड दोरखंड लोंबत असायचा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढलं होतं तेव्हा ते खालच्या खोलीतही शिरलं, आणि त्यानंतर पहिल्या तीन पायऱ्या भुसभुशीत झाल्या त्या कायमच्याच. आई लहानपणी रोज त्या जिन्यावरून कळशी घेऊन चढायची. आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत आणि आमच्या गंगापूर रोडच्या घराला वर एक खोली चढवली तर तिथे जायला तिला जिना झेपायला हवा, एवढी एकच अट मी पहिल्या दिवशी सुतारकाकांना सांगितली.

फोनवर मी खूप फोटो जमवले होते. भिंतीतून नुसत्या फळ्या बाहेर आलेल्या, बाजूला काच, सगळं दिसायला भारी. काकांनी फोटो बघितले, फोन परत दिला आणि म्हणाले ताई, आधी आईंना बोलवा. मग त्यांनी अंगणात विटा रचून आईला चढायला लावलं, आधी ८ इंच, मग ७, मग ६. आठला तिने भिंत धरली. सातला नाही धरली. आमच्या जिन्याचं माप त्या विटांवर ठरलं, खरंच.

हिशोब असा, आणि हा मी सविस्तर लिहितेय कारण बहुतेक जण हाच भाग कंत्राटदारावर सोडून देतात. खालच्या फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत उंची भरली ११७ इंच. मी लगेच भागाकार करायला बसले तर काका म्हणाले, वर फरशी किती जाडीची येणार? माल आणि टाइल धरून २ इंच. म्हणजे खरी उंची ११९, आणि १७ ने भागलं की बरोबर ७ इंच. हे २ इंच विसरलो असतो तर शेवटची पायरी जवळपास ९ इंचाची झाली असती, आणि माणूस जिन्यावर पडतो तो उंच पायरीमुळे कमी, वेगळ्या पायरीमुळे जास्त, कारण पायाने दोन-तीन पायऱ्यांतच माप पाठ केलेलं असतं. पाऊल ठेवायची रुंदी घेतली साडेदहा. उंचीची दुप्पट अधिक रुंदी, म्हणजे साडेचोवीस इंच, ६२ सेंटीमीटरच्या आसपास. हे गणित ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने १६७५ मध्ये मांडलेलं, माणसाच्या चालण्याच्या ढांगेवरून. काकांना ते नाव माहीत नव्हतं, आकडा मात्र तोंडपाठ होता. सात चढायच्या, मग चौकोनी लँडिंग जिथे आई थांबून दम घेऊ शकेल, मग उजवीकडे वळून दहा.

तुळया कापणं हे वेगळंच प्रकरण. जुना साग म्हणजे सोनं म्हणतात, पण त्यात हातानं घडवलेले खिळे कुठे खोल बसलेत ते दिसत नाही, आम्ही दोन दिवस लोहचुंबक दोरीला बांधून इंच-इंच फिरवला आणि तरी एका खिळ्याने करवतीचे दात घालवले. पण कापल्यावर आतून जो वास आला ना, तो थेट आजीच्या कोठीच्या खोलीचा वास. आई वखारीत आली होती, ती काही बोलली नाही, भुसा मुठीत घेऊन उभी राहिली.

तुळई ६ इंच रुंद, म्हणून प्रत्येक पायरी दोन फळ्या जोडून केली. सागात तेल असतं, त्यावर डिंक नीट धरत नाही, म्हणून जोडायची कड आधी थिनरने पुसायची आणि वाळली की लगेच जोडायची. भिंतीकडच्या तिरक्या फळीत पायऱ्यांसाठी खोबणी, मोकळ्या बाजूला करवतीच्या दातांसारख्या खाचा, आणि कुठेही खिळा नाही, सगळीकडे आधी भोक पाडून स्क्रू. खिळा कालांतराने सैल होतो आणि मग जिना कुरकुरतो.

आता कठड्याचे गज. १२ मिलिमीटरचे चौकोनी लोखंडी गज ठरवले, प्रत्येकी साधारण १ किलो. फॅब्रिकेशनवाल्याने एका पायरीला दोन असे धरले, म्हणे सगळीकडे असेच लावतो. पण साडेदहा इंचात दोन म्हणजे मधली फट पावणेपाच इंच, आणि भावाची मुलगी रांगते. मुलांसाठी फट ४ इंचांच्या आत हवी. मी ४ इंचाचा लाकडी ठोकळा त्या फटीतून आरपार घालून दाखवला. तो वैतागला, पण तीन लावले, पंधरा पायऱ्यांना पंचेचाळीस, फट ३ इंच. पैसे वाढले, मला त्याचं काहीही वाटत नाही.

खरं दुखलं ते पुढचं. मी बँकेत गेले होते आणि फॅब्रिकेशनवाल्याने ग्राइंडर जिन्यावरच चालवला, कोऱ्या सागावर. लोखंडाचा बारीक चुरा पसरला, जूनचा पाऊस, हवा ओली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाच पायऱ्यांवर निळसर काळे डाग. लोखंड आणि ओलावा मिळून लाकडातल्या द्रव्याशी रंग धरतात, ते शाई पडल्यासारखं आत मुरतं, पुसून जात नाही. मी तिथेच पायरीवर बसून रडले. काकांनी ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून हातमोजे घालून ब्रशने लावलं, डाग उतरले, मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुतलं. एक पुसटसा राहिलाय, अकराव्या पायरीवर.

गज बसवताना भोक किंचित मोठं ठेवलं, कारण सागाची फळी पावसाळ्यात रुंदीत दोन-तीन मिलिमीटर फुगते आणि लोखंड काही तिच्याबरोबर फुगत नाही. वरचा लाकडी कठडा पहिल्या पायरीच्या फूटभर आधीच सुरू होतो, म्हणजे आईला पाय उचलायच्या आधी हात टेकवता येतो. हे डोकं काकांचं.

पॉलिश अजून बाकी आहे. दमट हवेत केलं तर पांढरट झाक येते, म्हणून दसऱ्यानंतर करायचं ठरलंय, तोवर नुसतं जवसाचं तेल दिलंय. आई रोज सकाळी वर जाऊन वाटीभर तांदूळ चिमण्यांना टाकते, आणि उतरताना लँडिंगवर बसून कोरड्या फडक्याने सात पायऱ्या पुसत खाली येते. मी म्हटलं मी पुसते की. तर म्हणाली, तुळई माझ्या बापाची आहे.