बिबवेवाडी ते वाई, भोरमार्गे: दोन सकाळींची सायकलवारी

पुण्यात हौसेनं सायकल चालवणाऱ्यांना वर्षातला सगळ्यात चांगला काळ मिळतो तो माघ सरताना, आणि तो गुढीपाडव्याच्या आसपास संपतो. पहाटे एक पातळ जाकीट पुरतं, रस्ते कोरडे असतात, झाडं फुलायला लागलेली असतात. पाडवा उलटला की नऊ वाजताच डांबर तापतं. आणि नेमक्या याच दिवसांत मुलांच्या परीक्षा, ऑफिसातलं मार्चअखेर आणि वर्षाचं वाळवण घरावर येऊन पडतं. यंदा आमच्याकडे लेकीची दहावीही होती. त्यामुळे वसंतातली मोठी सफर करायची तर ती घराच्या घड्याळात बसली पाहिजे, हे मी आधीच ठरवलं होतं. बिबवेवाडी, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, भोर हा पहिला दिवस आणि भोर, मांढरदेवी, वाई हा दुसरा, अशी आखणी त्यातूनच झाली. दोन्ही दिवशी सकाळ सायकलची आणि दुपारपासून पुढचा वेळ घरच्यांचा. असा बेत करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तयारीचं. लेकीच्या पेपरांच्या दिवसांत मी लांब कुठे गेले नाही. पहाटे साडेपाचला निघून जुन्या कात्रज घाटाने बोगद्यापर्यंत चढायचं आणि परत यायचं, एवढंच. साडेसातच्या आत घरी. बोगदा अरुंद आहे, आत उजेड कमी असतो, त्यामुळे अलीकडूनच वळलेलं बरं. पलीकडे जायचंच असेल तर मागचा लाल दिवा चालू हवा. चढ लांब आहे पण अंगावर येणारा नाही, म्हणून पायांना सवय करायला याच्यासारखा रस्ता आमच्या बाजूला दुसरा नाही. बाकी दिवसांचं वेळापत्रक सासूबाईंच्या कुरडयांनी ठरवलं. गहू भिजत घातले की पाणी बदलत तीन दिवस मुरवायचे, मग वाटून चीक काढायचा. चीक शिजवण्याच्या सकाळी सायकल नाही, कारण उन्हं चढायच्या आत सोऱ्यातून सगळ्या कुरडया गच्चीवर पडायला हव्यात आणि चीक घोटायला दोन दणकट हात लागतात. गहू भिजले की पुढची कुठली सकाळ माझी नाही ते मला कळायचं. असं आधी कळलं की तक्रारीला जागाच राहत नाही. परतायची वेळ सांगून जायचं आणि ती पाळायची, हा एक नियम घरातल्या सगळ्यांना पुरतो. मी निघते त्या शनिवारी पोहे नवरा करतो.

शेवटचा पेपर झाला आणि त्यानंतरच्या शनिवारी मी आणि माझी मैत्रीण निघालो. दोघींच्याही हायब्रिड सायकली, पुढे तीन चकत्या. या रस्त्यावर सगळ्यात लहान चकती लागतेच, त्यामुळे निघण्याआधी साखळी तिच्यावर नीट उतरते ना, ते पाहून घ्या. सामान फार नको. दोन पाण्याच्या बाटल्या, दोन जास्तीच्या ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, ओआरएसची पाकिटं आणि खाणं. सासूबाईंनी आदल्या रात्री पुरणपोळ्या केल्या होत्या. तूप न लावता कोरड्याच ठेवलेल्या, घट्ट गुंडाळी करून कागदात बांधलेल्या. बाजारात मिळणाऱ्या महागड्या एनर्जी बारपेक्षा मी कधीही पुरणपोळीच घेईन. गूळ, डाळ, गहू, सगळं एकाच घासात येतं, आणि एका हाताने खाता येते.

साडेपाचला घर सोडलं. कोंढवा, येवलेवाडी पार करून घाटाच्या पायथ्याशी जरा थांबलो, उजाडू दिलं. बोपदेव अंधारात करू नका, बायकांनी एकटीने तर मुळीच नको. वस्ती मागे पडते आणि भल्या पहाटे रस्ता अगदी निर्मनुष्य असतो. मार्चच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमारास बऱ्यापैकी दिसायला लागतं, तेव्हा चढायला लागा. घाट छोटा आहे पण तीव्र, आणि वळणांवर तर चांगलाच उभा. तिथे उभं राहून पेडल मारण्यापेक्षा बसूनच, हलक्या गिअरवर, श्वास सांभाळत चढणं मला मानवतं. वर पोचल्यावर मागे पुण्याचा धुरकट पसारा आणि पुढे एकदम मोकळं पठार. पुरंदर तालुका इथून सुरू होतो आणि हवाही बदलते.

भिवरी, बोपगाव, चांबळी ही गावं उताराउतारात मागे पडतात. शेतांत ज्वारीची काढणी झालेली, कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. या भागात अंजिराच्या बागा पुष्कळ. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, आणि फेब्रुवारी-मार्चपासून पुढे मिठ्या बहाराची फळं येतात. रस्त्याच्या कडेला टोपलीत पानांवर मांडून विकायला ठेवलेली असतात. आम्ही चार-चार घेतली. पिकलेलं अंजीर हातात धरलं की देठाशी चिकाचा एक थेंब येतो आणि साल बोटाखाली दबते. ते पिशवीत घालून पुढे न्यायचं फळ नाही, तिथेच उभ्याने खायचं. घरी न्यायचं असेल तर मागून गाडीने येणाऱ्यांना सांगा.

सासवडला संत सोपानदेवांची समाधी आहे, कऱ्हेकाठी संगमेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. वेळ असेल तर संगमेश्वराला पंधरा मिनिटं द्याच. नाश्ता इथेच उरकून घ्या, कारण पुढे भोरपर्यंत पोटभर खायला थांबावं असं फार काही नाही. मिसळ टाळा, चढावर ती घशाशी येते. इडली किंवा उपमा बरा.

सासवड ते नारायणपूर हा पहिल्या दिवसातला माझा सगळ्यात आवडता टप्पा. समोर पुरंदर आणि वज्रगड उभे असतात आणि तुम्ही हळूहळू त्यांच्या पायाशी जात असता. संभाजी महाराजांचा जन्म याच पुरंदरावर १६५७ साली झाला, आणि १६६५ साली याच गडासाठी मुरारबाजी लढता लढता पडले. पायथ्यापासून गड पाहताना त्या लढाईची उंची डोळ्यांना कळते. नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाला गुरुवारी आणि पौर्णिमेला खूप गर्दी होते, ते दिवस सोडून या. जवळच नारायणेश्वराचं यादवकालीन मंदिर आहे. तिथला दगड सकाळी इतका गार असतो की टेकून बसलं की उठवत नाही.

नारायणपूर सोडलं की रस्ता केतकावळ्याकडे उतरतो. उताराला दोन्ही बाजूंना वणव्याने काळे पडलेले डोंगर दिसतात. गवत जाळायची ही रीत मला दरवर्षी टोचते, त्यात रोपं जातात आणि पक्ष्यांची घरटीही. धूर रस्त्यावर आला असेल तर थांबून वारा कुठला आहे ते बघा, घाईने शिरू नका. केतकावळ्याला बालाजी मंदिराच्या परिसरात पाणी आणि स्वच्छतागृह मिळतं. बायकांनी हे ध्यानात ठेवावं, वाटेत अशा जागा मोजक्याच आहेत.

कापूरहोळला बंगळुरू महामार्ग ओलांडायचा. इथे उतरून, सायकल हातात धरून ओलांडा. ट्रक आणि गाड्या ज्या वेगाने येतात त्यापुढे आपला अंदाज चालत नाही. पलीकडे भोरचा रस्ता लागतो आणि जीव पुन्हा शांत होतो. इथपासून तोंड पश्चिमेला असतं, आणि या दिवसांत दिवस चढेल तसा पश्चिमेचा वारा वाढतो. दहाच्या आत कापूरहोळ सोडलं तर वारा फारसा आडवा येत नाही, उशीर झाला तर सपाटीवरही चढासारखे कष्ट पडतात. वाटेत भाटघर धरण येतं. ब्रिटिशांच्या काळात येळवंडी नदीवर बांधलेलं, १९२७-२८च्या सुमाराला पुरं झालेलं हे धरण. फाल्गुनात पाणी मागे हटलेलं असतं आणि काठाला गाळाच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात.

याच पट्ट्यात मैत्रिणीचं चाक बसलं. सराटा. फोटोसाठी आम्ही सायकली रस्त्याखाली वाळक्या गवतात नेल्या होत्या, आणि या दिवसांत तिथे सराट्याचे काटे वाळून टणक झालेले असतात. ट्यूब बदलताना एक गोष्ट आवर्जून करा. टायरच्या आतून बोटं अगदी सावकाश फिरवून काटा शोधा आणि काढा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. आम्हाला त्या टायरमध्ये दोन सापडले, दुसरा इतका बारीक तुटलेला होता की नखालाच लागला. सायकल कायम डांबरावर किंवा फरशीवर उभी करा.

साडेअकराच्या आत भोरला पोचलो. घरापासून साधारण ६५ किलोमीटर. नवऱ्याच्या आत्या तिथे राहतात, तेव्हा राहण्याचा प्रश्न नव्हता. ज्यांचं कुणी नाही त्यांना गावात साधे लॉज मिळतात. नवरा, लेक, सासू-सासरे गाडीने आमच्या पाठोपाठ आले. आत्यांनी इंद्रायणीचा भात, आमटी, आंबेडाळ आणि ताक असं जेवण केलं होतं. उन्हातून आल्यावर कैरीची आंबट डाळ जिभेला लागली आणि सकाळचा सगळा शीण उतरला. "ताक आणखी घे, मीठ घालून घे," असं आत्या तीनदा म्हणाल्या आणि ते योग्यच होतं. नुसतं पाणी पीत राहिलं की संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या.

दुपारी सगळे झोपलो. संध्याकाळी पंतसचिवांचा राजवाडा पाहिला. परीक्षेनंतर लेक पहिल्यांदाच माझ्याशी निवांत बोलली ती तिथल्या चौकाजवळ. अकरावीला कला शाखा घ्यायची म्हणते आहे. घरी हे बोलणं महिनाभर टळत होतं.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. भोर ते वाई अंतर चाळिशीच्या आसपास, पण आंबाडखिंडीचा घाट खराखुरा आहे. आधी नीरेचं खोरं, भाताची मोकळी खाचरं, मग चढ. उजवीकडे रायरेश्वर-केंजळगडाची रांग उजळत जाते. वाटेत पांगारे फुललेले, काटेसावरीला पान नाही आणि सगळं झाड लाल. सावरीचं फूल पडतं ते पाकळी पाकळी नाही, सबंधच्या सबंध, जाड मांसल, आणि डांबरावर टप्पकन आवाज येतो. उतारावर अशा फुलांच्या सड्यावरून चाक घसरतं, चढताना मात्र खुशाल थांबून बघावं. करवंदीच्या जाळ्यांना पांढरा बहर होता, त्याचा वास वळणावळणाला येत होता. तांबट पक्ष्याची टुक-टुक चढभर साथीला होती. आम्हाला दीड तासाहून जास्त वेळ लागला, वाटेत दोनदा थांबून. घाटात पाणी मिळेलच असं नाही, दोन्ही बाटल्या भोरला भरून घ्या.

वर मांढरदेवीला चहा मिळतो. काळूबाईच्या दर्शनाला मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी असते, पौर्णिमा-अमावास्येलाही. त्या दिवशी घाटात जीपगाड्या इतक्या असतात की सायकलीचा आनंद उरत नाही. वाईकडचा उतार उभा आणि वळणावळणाचा, काही वळणांवर खडी पसरलेली. ब्रेक धरून ठेवू नका, वळणाच्या आधी दोन्ही दाबा आणि सोडा, नाहीतर रिम तापतात. पांडवगड जवळ दिसतो, खाली कृष्णेचं हिरवं खोरं. बघायचं असेल तर थांबून बघा.

खाली आल्यावर हळदीचा वास आला. या दिवसांत वाईच्या शिवारात हळद शिजवून वाळत घालतात. शिजल्या हळदीचा वास ओल्या मातीसारखा आणि जरासा कडू असतो, डब्यातल्या हळदीसारखा नाही. सासूबाईंनी पुढे तिथूनच वर्षाची हळकुंडं घेतली. या बाजूला उसाच्या जोड-ट्रॉल्याही असतात, त्यांच्या मागून रेटून पुढे जायचं धाडस करू नका. रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं, रस्ते माणसांनी भरून जातात. त्या दिवशी बगाड पाहायलाच यावं, सायकल घेऊन नव्हे.

दहाच्या सुमारास गणपती घाटावर ढोल्या गणपतीपाशी घरच्यांची भेट झाली. सासरे निवृत्त मराठीचे शिक्षक, त्यांना वाईत दोनच गोष्टी पाहायच्या होत्या. विश्वकोशाचं कार्यालय आणि मेणवली. विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथूनच उभं केलं. रविवार असल्याने इमारत बाहेरूनच पाहिली, तरी ते फाटकाशी बराच वेळ उभे होते. मग मेणवली, गावापासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा प्रशस्त घाट आणि तिथे टांगलेली पोर्तुगीज घंटा, वसईच्या मोहिमेत मिळालेली. ही जागा घरच्या सगळ्या वयांना मानवते. सावली आहे, बसायला पायऱ्या आहेत.

वाईला आलोच आहोत तर पसरणी घाट चढून पाचगणी करावी, असं मैत्रिणीच्या मनात होतं. मी नको म्हटलं. रविवारी दुपारी त्या घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते आणि ऊन तर असतंच. तो घाट स्वतंत्र सकाळी, आठवड्याच्या मधल्या वारी करा.

परतीला सायकली गाडीच्या मागच्या स्टँडवर बांधल्या. पुढचं चाक हँडलला पट्ट्याने आवळा, नाहीतर ते वाऱ्याने फिरत राहून गाडीला घासतं. गाडी नसेल तर घरच्यांसाठी स्वारगेट-वाई एसटी सोयीची आहे, पण सायकल चढवून घेतील का ते आगारात आधी विचारून ठेवा. आणि काहीही झालं तरी वाई तीनच्या आत सोडा. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून परतणारी सगळी वाहनं खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर एकत्र येतात, आणि सोमवारी डबे पुन्हा सकाळी सातलाच भरायचे असतात.