एएनएम की जीएनएम? खर्चाचा हिशेब कोणत्या पगारावर मांडावा

बारावीचा निकाल लागला की काही पालक मला भेटायला आमच्या रुग्णालयात येतात. मुलीला नर्सिंगला घालायचे असते, एखाद्या संस्थेचे माहितीपत्रक हातात असते आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘सिस्टर, एवढा पैसा घातला तर तो निघेल का?’ प्रश्न रास्त आहे, कारण यातली बरीच कुटुंबे सोने गहाण ठेवून किंवा सोसायटीचे कर्ज काढून ही फी भरणार असतात. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून काम करताना जे पाहिले, त्याच्या आधारे हे सविस्तर लिहीत आहे.

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) हा 2 वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो फक्त मुलींसाठी आहे. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) 3 वर्षांचा आहे. दोन्हींना बारावीच्या कोणत्याही शाखेतून प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे विज्ञान शाखा नसलेल्या मुलींना हेच दोन दरवाजे उघडे असतात. संस्थेच्या माहितीपत्रकावर पगार म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो बहुधा सरकारी नोकरीचा असतो. तो आकडा खोटा नाही. सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेचे (एएनएम झालेलीला मिळणारे पद) मूळ वेतन 25,500 रुपयांपासून आणि शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे (जीएनएम झालेलीला मिळणारे पद) 35,400 रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता आणि घरभाडे त्याहून वेगळे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदांच्या जाहिरातींत एएनएमला 18,000 आणि स्टाफ नर्सला 20,000 रुपये मानधन दिसते. मात्र या जागा कधी निघतील, हे कोणाच्याच हातात नसते. मार्च 2019 मध्ये निघालेली जिल्हा परिषदांची मोठी भरती वर्षानुवर्षे रखडून अखेर रद्द झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये 19,460 पदांची नवी जाहिरात आली. मधल्या चार वर्षांत उत्तीर्ण झालेल्या मुलींनी घर कशावर चालवले असेल, याचा विचार प्रवेश घेण्याआधी करायला हवा.

बहुतेक जणींची पहिली नोकरी खासगीच असते. आमच्या भागातील लहान नर्सिंग होममध्ये एएनएम झालेल्या मुलीला सुरुवातीला दहा-बारा हजार मिळतात आणि रात्रपाळी बारा तासांची असते. त्या रात्री मजल्यावर ती एकटीच असते : दहा खाटा, दोन सलाइन संपत आलेल्या, एक बाळंतीण कळा देत असलेली, आणि डॉक्टर फोनवर. कामाची ही जबाबदारी आणि तो पगार यांचा मेळ बसत नाही, हे मी स्पष्ट म्हणते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीनेही 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला दरमहा किमान 20,000 रुपये आणि 200 पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारस अनेक ठिकाणी अजून कागदावरच आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत. आपल्या संस्थेचे आकडे घालून तो पुन्हा करावा. एएनएमची फी वर्षाला 60,000, वसतिगृह व मेस महिन्याला 4,000, आणि गणवेश, पुस्तके, प्रवास, परीक्षा शुल्क मिळून 24,000 धरले, तर दोन वर्षांत 2,40,000 रुपये खर्च होतात. हीच मुलगी गावातल्या दुकानात सात हजारांवर कामाला राहिली असती, तर तिने 1,68,000 कमावले असते. तेही धरायला हवेत. एकूण 4,08,000. नोकरी 11,000 ची मिळाली, तर दुकानापेक्षा महिन्याला केवळ 4,000 जास्त, म्हणजे खर्च भरून यायला साडेआठ वर्षे लागतात. कंत्राटी 18,000 मिळाले, तर तीन वर्षांच्या थोडे पुढे.

जीएनएमची फी वर्षाला 90,000, राहण्या-जेवणाचा खर्च तोच आणि किरकोळ 36,000 धरले, तर तीन वर्षांचे 4,50,000 होतात. बुडालेली कमाई मिळवून 7,02,000. मोठ्या शहरातील रुग्णालयात सुरुवात 16,000 ने झाली, तर साडेसहा वर्षांत आणि सरकारी पदावर केवळ मूळ वेतन धरूनही दोन वर्षांच्या आसपास खर्च निघतो. महाग वाटणारा अभ्यासक्रम खासगी पगारावरही आधी वसूल होतो, कारण अतिदक्षता विभाग, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह ही जास्त पगाराची कामे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांकडेच जातात. काही घरांत मुलगी नाही तर घरीच बसली असती, म्हणून बुडालेली कमाई शून्य धरतात. तशी धरली तर वसुलीचा काळ अर्थातच कमी होतो, पण तिच्या श्रमाला किंमत नाही असे मानणे मला पटत नाही.

हिशेब सर्वांत जास्त बदलतो तो फीमुळे. वरच्या जीएनएमच्या उदाहरणात फी पूर्ण माफ झाली, तर साडेसहा वर्षांची चार वर्षे होतात. राज्य शासनाने 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. मात्र त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. ‘आधी कोट्यातून घ्या, सवलतीचे नंतर बघू’ असे सांगणाऱ्या संस्थेकडून तेच वाक्य लेखी मागावे. कर्ज काढायचे असेल तर हेही पाहावे की साडेचार लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने सात वर्षांत फेडताना महिन्याला सुमारे साडेसात हजारांचा हप्ता येतो. सोळा हजारांच्या पगारात शहरातील खोलीभाडे देऊन तो भरणे फार कठीण आहे.

हे सारे गणित एका गोष्टीवर उभे आहे, ती म्हणजे नोंदणी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होणार नसेल, तर सरकारी जागेसाठी अर्जसुद्धा करता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा ‘नर्सिंग कोर्स’ चालवणाऱ्या संस्था आहेत. त्यातून रुग्णसहायक म्हणून काम मिळते, परिचारिका होता येत नाही. ही गोष्ट मुलींना प्रमाणपत्र हातात पडल्यावर कळते, याचा मला मनापासून संताप येतो. मान्यता परिषदेकडेच तपासावी, संस्थेच्या फलकावर विश्वास ठेवू नये.

दुसरे म्हणजे संस्थेचे स्वतःचे रुग्णालय सकाळी अकराच्या सुमारास जाऊन पाहावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. एका खाटेभोवती पाच मुली उभ्या राहून आळीपाळीने एकाच आजोबांचा रक्तदाब मोजताना दिसल्या, आणि शेजारच्या खाटांवर घडी न मोडलेल्या चादरी असतील, तर तिथली मुलगी मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळणार.

एएनएम कोणी करावे, असे विचाराल तर ज्या मुलीला घरून जाऊन-येऊन शासकीय संस्थेत किंवा पूर्ण सवलतीत शिकता येते आणि जिला गावपातळीवरच काम करायचे आहे, तिने अवश्य करावे. पुढे तिला जीएनएमला प्रवेश घेता येतो, आणि जीएनएमनंतर 2 वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे नर्सिंगची पदवी, करता येते. पूर्ण फी भरून, वसतिगृहात राहून एएनएम करायचे असेल, तर तो पैसा, त्यात आणखी भर घालून, आणि एक वर्ष जास्त जीएनएमला द्यावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.