पद्मिनीच्या टपावरचं काळं रेक्झिन बदललं, माझा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी १९८३ ची, बाबांनी बुकिंग करून कितीतरी वर्षं थांबून घेतलेली. रंग क्रीम आणि टपावर काळं रेक्झिन. ते कंपनीचं नव्हे, गाडी घरी आल्यावर बाबांनी पुण्याच्या नाना पेठेतून बसवून घेतलेलं. तेव्हा फियाटला (पद्मिनीला सगळे फियाटच म्हणायचे) असं काळं टप करून घ्यायची फॅशनच होती. मूळ कल्पना अमेरिकन, कॅडिलॅकने १९५६ च्या एल्डोराडो सेव्हिलच्या टपावर व्हिनायल लावलं होतं, म्हणजे पत्र्याचं टप असून गाडी कापडी टपाच्या गाडीसारखी दिसावी. आमच्या गाडीला ते फार शोभायचं आणि अजून शोभतं, त्यामुळे "काढून टाका आणि सरळ पेंट मारा" असं सात-आठ जणांनी सांगूनही मी ऐकलं नाही.

बाबा गेल्यावर मी एकदा घाईत हे काम करून घेतलं होतं. त्या माणसाने दोन दिवसांत गाडी दिली, काचा न काढता, काचेच्या रबराला लागून ब्लेडने रेक्झिन कापलं आणि कड खाली खोचून दिली. पहिल्याच उन्हाळ्यात फुगे आले. नंतर मागच्या काचेच्या वर बोटाने दाबलं की आत कुरकुर वाजायचं, वाळक्या पानावर पाय पडल्यासारखं, तेव्हाच पोटात गोळा आला कारण आवाज रेक्झिनचा नव्हता, आतल्या गंजाच्या पोपड्यांचा होता.

या फेब्रुवारीत हे काम परत हातात घेतलं. एका जुन्या कुशनवाल्या चाचांकडे गेलो, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिलंच वाक्य, "साहेब, दोन्ही काचा काढणार असाल तर हात लावतो." मी तिथेच हो म्हणालो. तुम्हाला कुणी काचा न काढता करून देतो म्हणालं तर सरळ निघून या, कारण रेक्झिनची कड रबराच्या आत गेली नाही तर पाणी तिथूनच शिरतं आणि शिरलेलं पाणी बाहेर येतच नाही, वरून उन्हाने रेक्झिन तापतं आणि खाली पत्रा ओला तो ओलाच.

हीट गनने गरम करत करत रेक्झिन सोलून काढलं. रेक्झिन चिकटवायच्या जुन्या सोल्युशनचा पिवळा थर थिनरचे बोळे आणि पत्ती घेऊन काढण्यात अख्खे दोन दिवस गेले, मी स्वतः बसलो होतो सोबत. मागच्या काचेच्या वर पत्रा इतका खाल्लेला की स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि आरपार गेला. दुसरी वाईट जागा म्हणजे मागच्या खांबावर रेक्झिनच्या कडेला जी क्रोमची पट्टी असते तिच्या स्क्रूची भोकं, प्रत्येक भोकाभोवती गंजाचं एक चक्र. बाबांच्या वेळी ती भोकं पाडली आणि सील कुणी केलीच नाहीत. चाळीस वर्षं तिथून थेंब थेंब आत जात होतं.

मग डेंटरकडे. वेल्डिंगच्या आधी आतलं छताचं कापड पूर्ण उतरवून घ्या, ठिणगीने पेटतं. मिस्त्रींनी कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडला, थोडं इथे टाका, थोडं तिथे, मध्ये थांबून गार होऊ देऊन, सलग मारलं तर टपाचा पातळ पत्रा वाकडा होतो आणि तो परत सरळ करणं महाकठीण. बाकी गंज वायर ब्रशने काढून उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग लांबीचा (पुट्टीचा) अगदी पातळ थर आणि भरपूर घासणं. रेक्झिनखाली सगळं झाकलं जाईल असं वाटतं ना, तसं अजिबात नाही, घट्ट ताणलेल्या रेक्झिनवर खालचा वाळूचा कणसुद्धा पुटकुळीसारखा दिसतो. टपाला पेंट मारून आठ दिवस नुसतं वाळू दिलं, कारण कच्च्या पेंटवर सोल्युशन लावलं तर त्यातल्या थिनरने पेंट उचलतो.

रेक्झिन घ्यायला जुना तुकडा खिशात टाकून नाना पेठेत फिरलो. सीटचं रेक्झिन घेऊ नका, ते वर्षानुवर्षं उघड्या उन्हात टिकायला बनवलेलं नसतं, आणि मागे फोम असलेलं तर नकोच, फोम पाणी धरून ठेवतो. उन्हापावसाचं जाड, मागे कापड असलेलं, ५४ इंच पन्ह्याचं मिळालं, ग्रेन, म्हणजे वरचा पोत, जुन्याशी बरीच जुळली. तीन मीटर घेतलं.

चिकटवायचा दिवस मे महिन्यातला, सकाळी सातला सुरुवात, सावलीत. चाचा म्हणाले पावसाळी हवेत हे काम मी घेतच नाही, सोल्युशनमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं, पांढुरकी झाक येते आणि पकड जाते. आणि दुपारी उशीर केला तर वळवाची भीती. पत्र्यावर खडूने मधली रेघ मारली, रेक्झिनवर तशीच, दोन्ही जुळवून अर्धं उलटवलं आणि पत्र्याला आणि रेक्झिनच्या मागच्या बाजूला सोल्युशन लावून दहा-पंधरा मिनिटं थांबलो, बोट लावलं की चिकटल्यासारखं वाटेल पण बोटाला काही लागणार नाही इतकं. त्या पंधरा मिनिटांत मी एक शब्द बोललो नाही. मग चाचा मधून कडेकडे तळहाताने दाबत गेले, एकदा टेकलं की उचलायचं नाही, उचललं तर ताणून खराबच होतं. उरलेलं अर्धं तसंच. कडा वरच्या पन्हळीत बसवल्या, स्क्रूच्या भोकांत या वेळी सीलंट भरलं.

काचा नव्या रबरांसह बसल्या, रबराच्या खाचेत सुतळी घालून आतून ओढायची आणि बाहेरून एकाने काच दाबायची, साबणाचं पाणी लावून. छताचं कापड परत लावायच्या आधी अर्धा तास पाइपने पाणी मारलं आणि मी आत बॅटरी घेऊन बसलो. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक थेंब आला, तिथे रबर दुमडलं होतं, ते परत बसवलं.

सगळं मिळून ३८ हजार गेले, त्यात रेक्झिन फक्त २७०० चं, बाकी पत्रा, पेंट, रबरं आणि मजुरी. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्रभर पडला, सकाळी सहाला खाली जाऊन आतून सगळीकडे हात फिरवला, कोरडं. उरलेलं रेक्झिन पीव्हीसी पाइपवर गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, घडी घातली की रेघ पडते आणि ती जात नाही.