गोळी कमी करताना पाळलेली दोन पथ्यं

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचातून रक्त आणि आव पडते. हा आजार कायमचा जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. भडका उठला की तो विझवायला स्टेरॉइड देतात. मला प्रेडनिसोलोन दिलं, रोज सकाळी ४० मिलिग्रॅम. आठवड्याभरात रक्त थांबलं आणि रात्रीचं उठणं बंद झालं. खरं काम त्यानंतर सुरू झालं, ही गोळी कमी करत करत बंद करण्याचं. निदानाबद्दल, तपासण्यांबद्दल माहिती पुष्कळ मिळते. पण गोळी उतरत असताना घरात रोज काय शिजवायचं, आणि अंगात होणारा प्रत्येक बदल कशामुळे आहे हे कसं ओळखायचं, याबद्दल मला फार कमी वाचायला मिळालं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी गोळी १० मिलिग्रॅमपर्यंत उतरली आणि रक्त परत दिसलं. डोस वाढला, भडका विझला, उतरवायला घेतलं, पुन्हा तेच. सुरुवात केल्यापासून ३ महिन्यांत १० मिलिग्रॅमच्या खाली येता आलं नाही, किंवा बंद केल्यावर ३ महिन्यांच्या आत आजार उलटला, तर डॉक्टर त्याला स्टेरॉइडवर अवलंबून असलेला आजार म्हणतात. माझा तसा होता. आमचे पोटाचे डॉक्टर इंदूरमध्ये गीताभवनच्या बाजूला बसतात. त्यांनी कागदावर दोन रेघा काढून समजावलं. एक रेघ वरून खाली येणारी, ती प्रेडनिसोलोनची. दुसरी खालून हळूहळू वर जाणारी, ती अ‍ॅझाथायोप्रिनची. रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं हे दुसरं औषध लागू पडायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा काळ स्टेरॉइडनं किल्ला लढवायचा, आणि दुसरं औषध उभं राहिलं की यानं निघून जायचं. ते सुरू करण्याआधी रक्ताची एक जनुकीय तपासणी केली, एनयूडीटी१५ नावाची. आपल्याकडच्या काही लोकांमध्ये या जनुकातल्या फरकामुळे अ‍ॅझाथायोप्रिननं पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात उतरतात. माझी तपासणी ठीक आली.

स्टेरॉइडच का, असं मी त्यांना विचारलं होतं. कॉर्टिसोन हे स्टेरॉइड माणसाला पहिल्यांदा १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये संधिवातासाठी दिलं गेलं आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. कोलायटिसवर त्याचा उपयोग होतो हे १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्याआधी तीव्र भडक्यात माणसं दगावायची. हे ऐकल्यावर गोळीबद्दलचा माझा राग बराच ओसरला. मात्र भडका विझवणारं हे औषध आजार वर्षानुवर्षं शांत ठेवू शकत नाही, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

आता पथ्याचं. घरी सगळे एकच प्रश्न विचारायचे, ‘पथ्य काय?’ जणू एकच यादी असावी. मला हळूहळू उमगलं की पथ्यं दोन आहेत. एक आतड्याचं, एक गोळीचं. दोन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी आहेत, वेगवेगळ्या वेळी सैल होतात, आणि सुरुवातीला चक्क एकमेकांच्या विरुद्ध जातात.

आतड्याचं पथ्य म्हणजे भडका असेपर्यंत चोथा कमी. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दुधी, लाल भोपळा, साल काढून उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, ताजं ताक. कच्ची कोशिंबीर नको, पेरू नको, अख्खी कडधान्यं नकोत, मिरची आणि तळण नको. इंदूरमध्ये पावसाळ्यात हे पाळणं अवघड, कारण घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो आणि मक्याचे दाणे माझ्यासाठी पूर्ण बंद. पोहे मात्र सुटले नाहीत याचा मला आनंद होता. आपल्याकडचे पोहे वाफेवर होतात, तेल बेताचंच लागतं. वरची शेव, जीरावन मसाला, कच्चा कांदा आणि डाळिंबाचे दाणे तेवढे वगळायचे.

गोळीचं पथ्य निराळं. प्रेडनिसोलोन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं, रक्तातली साखर वाढवतं, हाडांतलं कॅल्शियम कमी करतं आणि भूक प्रचंड वाढवतं. म्हणजे लोणचं, पापड, नमकीन बंद. गोड बंद. कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर.

आणि इथेच दोन्हींची टक्कर होते. आतड्याला हवा मऊ पांढरा भात. गोळीमुळे त्याच भातानं साखर चढते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी वाढते, सकाळची उपाशीपोटीची मात्र सरळ येते. त्यामुळे नुसती उपाशीपोटीची तपासणी करून निर्धास्त राहिलेले लोक असतात. मला डॉक्टरांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी घरीच यंत्रावर बघायला सांगितलं. आकडे वर होते. भात तर सोडता येत नव्हता, कारण ज्वारीची भाकरी आणि कोंड्यासकट पोळी तेव्हा आतड्याला झेपत नव्हती. मग ताटाची रचना बदलली. आधी वाटीभर घट्ट वरण आणि घरच्या पनीरची किंवा अंड्याची मऊ भुर्जी, मग भाजी, भात शेवटी आणि थोडा. दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. जेवल्यावर घरातच वीस मिनिटं चालणं. यानं फरक पडला, तो रोज यंत्रावर दिसत होता.

सासूबाईंचा जीव शिऱ्यात. घरात कोणी आजारी पडलं की साजूक तुपातला शिरा, नाहीतर साबुदाण्याची खीर. त्यांना ‘गोड बंद’ म्हटलं असतं तर त्यांनी माझ्यापुढे काय ठेवावं हेच त्यांना कळेना झालं असतं. मी त्यांना साखर मोजायचं यंत्र दाखवलं, खिरीनंतरचा आकडा आणि दह्याच्या वाटीनंतरचा आकडा. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नाचणी भिजवून, वाटून, गाळून सत्त्व करायला घेतलं. गाळल्यामुळे चोथा जातो, त्याबरोबर काही कॅल्शियमही जातं, पण ताकात शिजवून किंचित सैंधव घातलं की चव येते. सैंधव हेही मीठच आहे, त्यानं सूज कमी होत नाही, म्हणून चिमूट अगदी बारीक. जोडीला डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर आणि आठवड्याला ड जीवनसत्त्व.

या काळात चेहरा गोल होतो. शेजारच्या भाभी म्हणाल्या, ‘अरे वाह, चेहरा तो भर गया, तबियत अच्छी हो गई!’ त्यांना बरं वाटलं होतं म्हणून त्या बोलल्या, पण मी त्या रात्री रडले. झोप तीनलाच उडायची. शाळेत मुलांवर नसलेल्या गोष्टीवरून ओरडायचे, मग वर्गाबाहेर येऊन उभी राहायचे. हे औषध करतंय, मी अशी नाही, हे ह्यांनी मला रोज सांगितलं आणि त्याचा मला फार आधार झाला. ज्यांच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल त्यांनी एवढं जरूर करावं. गोळी सकाळी आठच्या आत, नाश्त्यानंतर, पूर्ण डोस एकदाच घ्यायला लागल्यावर झोप थोडी सुधारली.

दुसऱ्या वेळी जूनमध्ये ४० वरून सुरुवात झाली. २० पर्यंत दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी, पुढे अडीच-अडीचनं. महालक्ष्म्यांना मी १५ च्या खाली होते. सोळा भाज्यांचा नैवेद्य, पंचामृत, घावन-घाटलं, सगळं घरात. त्या दिवशी मी भोपळ्याची भाजी, वरणभात आणि पुरणाचा एक घास प्रसाद म्हणून घेतला. जाऊबाईंनी न बोलता माझी वेगळी भाजी मिरची न घालता काढून ठेवली होती.

डोस १० वर आला तसं गोळीचं पथ्य सैल व्हायला लागलं. साखरेचे आकडे आपोआप खाली आले, पायाची सूज गेली, भूक माणसासारखी झाली. आतड्याचं पथ्यही सुटत होतं, पण त्याच्या गतीनं. मी एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यायचे आणि तीन दिवस तोच ठेवायचे. आधी गाळलेल्या पिठाची पोळी, मग शिजवलेलं गाजर, सालाची मुगाची डाळ, मग ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. सूज शांत असताना चोथा आतड्याला हवाच असतो. भडक्यातलं खाणं जन्मभर चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं वजन आणि रक्त दोन्ही उतरतं, आणि हे मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना पथ्य सोडायचं कधी हे कोणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात कठीण टप्पा ५ मिलिग्रॅमचा. आपल्या मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात, साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून महिनोन्महिने गोळी मिळाली की त्या काम थांबवतात. डोस ५ च्या आसपास आला की शरीराला स्वतःच्या कॉर्टिसोलची गरज पडते आणि ग्रंथी अजून जाग्या झालेल्या नसतात. म्हणूनच ही गोळी एकदम बंद करायची नसते. दिवाळीच्या सुमाराला मला पलंगावरून उठताना भोवळ यायची, स्नायू दुखायचे, मळमळ व्हायची, दुपारी अंगात त्राण नसायचं. घरातल्या सगळ्यांना वाटलं आजार उलटला. मलाही धास्ती होती. पण शौचात रक्त नव्हतं, रात्री उठावं लागत नव्हतं, धावत जावं लागत नव्हतं. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी केली, आतड्यातली सूज त्यात कळते. ती चांगली आली. मग सकाळी आठचं कॉर्टिसोल. त्यासाठी आदल्या दिवशीच्या गोळीनंतर २४ तास जाऊ द्यावे लागतात आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, कारण प्रेडनिसोलोन या तपासणीत कॉर्टिसोल म्हणून मोजलं जाऊ शकतं. माझं ६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या घरात आलं. ५ च्या खाली असेल तर ग्रंथी झोपलेली, १० च्या वर असेल तर जागी झाली असं धरतात. मी अधेमधे होते. म्हणून डोस वाढवला नाही, कमीही केला नाही, ५ वरच थांबलो.

हा थांबण्याचा काळ लांबला आणि याच काळात सल्ले सर्वांत जास्त मिळाले. गव्हांकुराचा रस, कोरफड, कोणा वैद्याची पुडी, ‘आता एवढुशी गोळी कशाला, सोडून दे’. पुड्यांच्या बाबतीत मी ठाम नाही म्हटलं. बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडच मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात झाली आहेत, आणि ज्या माणसाला नेमकं तेच मोजून कमी करायचं आहे त्याच्यासाठी याहून घातक काही नाही. खाण्यानं मला बळ दिलं, साखर आणि हाडं सांभाळली. सूज मात्र औषधानं उतरली, हे मी सगळ्यांना सांगते.

थकव्यावर उपाय म्हणून ताप नसेल त्या दिवशी सकाळी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत हळू चालत जायचं आणि परत. स्टेरॉइडनं मांड्यांचे स्नायू ढिले पडतात, जिना चढताना जाणवतं. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला होता, तो मी अजून करते.

संक्रांतीनंतर कॉर्टिसोल पुन्हा तपासलं, १० च्या वर आलं. मग अडीच, मग एक दिवसाआड अडीच, मग बंद. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याच्या गर्दीत जायची मी परवानगी मागितली होती. अ‍ॅझाथायोप्रिन चालू असताना गर्दीतला संसर्ग नको म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं, आणि आम्ही नातलगांच्या गच्चीवरून पाहिली.

आता अ‍ॅझाथायोप्रिन आणि आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं मेसालामाइन चालू आहे. दर तीन महिन्यांनी रक्ताच्या पेशी आणि यकृताची तपासणी, अधूनमधून कॅल्प्रोटेक्टिन. सालं काढलेली काकडी, शिजवलेल्या पालेभाज्या, मोड आलेले मूग उकडून, सगळं खाते. हिवाळ्यातले तळलेले गराडू (एक प्रकारचा कंद) अजून घेत नाही. पर्समध्ये एक चिठ्ठी असते: औषधांची नावं, स्टेरॉइड कधी बंद झालं ती तारीख, आणि डॉक्टरांचा नंबर. गोळी बंद झाल्यावरही काही महिने, कधी वर्षभर, ग्रंथी मोठ्या ताणाला पुरी पडत नाही. जास्त ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया असेल तर तात्पुरतं स्टेरॉइड पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर थेट दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावं लागतं. म्हणून गेल्या महिन्यात दाढ काढायची ठरली तेव्हा दातांच्या डॉक्टरांना मी ती चिठ्ठी आधी दाखवली. त्यांनी तिथूनच आमच्या पोटाच्या डॉक्टरांना फोन केला आणि मगच तारीख दिली.