पाऊस जास्त, पाखरं कमी

२१ सप्टेंबर

गणपती गेले तरी पाऊस हटायला तयार नाही. बेळगावजवळचं राकसकोप धरण तुडुंब भरलंय. सकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून गाडी काढली, तर कडेच्या गवताळ उथळात भुवई बदकांची लहानशी टोळी. थंडीचा पत्ता नाही, माझ्या अंगावर रेनकोट, आणि हे पाहुणे हजर! नराची ती पांढरी भुवई अजून उमटलेली नाही. या दिवसांत नर-मादी सगळे सारखेच मळकट तपकिरी दिसतात. एक उडालं तेव्हा पंखावरचा निळसर राखाडी भाग दिसला आणि खात्री पटली.

ही मंडळी थंडीची वाट बघत बसत नाहीत. दिवस लहान व्हायला लागला की त्यांच्या अंगात निघायची तयारी सुरू होते आणि तिकडं उत्तरेत पाणी गोठायच्या कितीतरी आधी ती वाटेला लागतात. काही जाती नेमक्या उलट. पाणी उघडं आहे, दाणा मिळतोय, तोवर त्या जागच्या हलत नाहीत. ‘हवामानाचा पाखरांवर परिणाम’ असं आपण सरसकट बोलून मोकळे होतो, खरं प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा असतो.

५ ऑक्टोबर

अमेरिकेतल्या मिनेसोटाहून भाच्याचा फोन. ‘‘मामा, तुमची बदकं आली का? इकडं सीझन उघडला.’’ त्याच्या ऑफिसातल्या एकाला बदकांच्या शिकारीचा नाद आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार टाकायला परवानगी, म्हणून हा गडी पहाटे लव्हाळ्यात जाऊन बसतो. आधी फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे केंद्र सरकारचं शिकारीचं तिकीट, विकत घ्यायचा (ही पद्धत १९३४ पासूनची), राज्याचं लायसन वेगळं, आणि छर्रे शिशाचे चालत नाहीत. चिखलात पडलेले छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात, म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर शिसं बंद. आपल्याकडे त्याच वर्षी शिकारच बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आधी परवान्यावर थोडा वाव ठेवला होता, तो १९९१ च्या दुरुस्तीनं काढून टाकला.

भाचा सांगत होता, तो गडी बंदुकीपेक्षा जास्त वेळ हवामानाचं ॲप बघत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर बदकं भर पाण्यात मध्यावर पसरून ऊन खात बसतात, हलत नाहीत. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली, वारा पाठीशी लागला, की रात्रीत वरून थवेच्या थवे येतात. त्यांच्याकडं १९९५ च्या नोव्हेंबरात एवढी पाखरं एकदम सुटली की ओमाहा आणि कॅन्सस सिटीच्या विमानतळांवरच्या रडारला दुसरं काही दिसेना.

सीझनची मुदत मात्र कायद्यानं बांधलेली. कॅनडाशी १९१६ साली झालेल्या करारानुसार १ सप्टेंबर ते १० मार्च एवढ्याच काळात आणि जास्तीत जास्त साडेतीन महिने. तारीख माणसानं ठरवायची आणि बदकं हवेप्रमाणं येणार, त्यामुळं दर वर्षी कुठं ना कुठं ओरड असतेच. हिवाळा उबदार गेला तर मॅलार्ड बदकं वरच थांबतात. तिकडची तळी गोठली नाहीत, शेतातला मका बर्फाखाली गेला नाही, तर त्यांनी खाली यायचं कशाला? मग खाली दक्षिणेतल्या अर्कान्सास राज्यातले शिकारी पाण्यात उभे राहून बोंब मारतात, बदकं संपली म्हणून.

९ नोव्हेंबर

घटप्रभेवरच्या हिडकल धरणावर जाऊन आलो. हत्तरगीचा टोलनाका ओलांडून यमकनमर्डीकडं वळलो तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांची रांग सुरू झाली होती, त्यामुळं पोचायला उशीर. धरण काठोकाठ. ५१ टीएमसीचं (म्हणजे ५१ अब्ज घनफूट) पाणी नुसतं पसरलेलं, कडेला चिखल म्हणून नाही. पाणी थेट बाभळीच्या बुंध्याला लागलेलं. तलवार बदकांना असं पाणी घेऊन काय करायचं? ती बुडी मारणारी नव्हेत. शेपूट वर, मान खाली करून जेवढं पोचेल तेवढंच खायचं. वीतभर-हातभर पाणी हवं, त्याखाली गाळ हवा. इथं पुरुषभर पाणी. दुर्बिणीतून कुठं कुठं ठिपके दिसले, बस्स.

चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, ‘‘हक्की (पाखरं) कमी झाली बघा. आता कुठलं येतंय? मोबाईलच्या टॉवरनं मेली सगळी.’’ दुसऱ्यानं मान डोलावली. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘दोन हजार तेवीसला काय टॉवर नव्हते काय?’’

ते वर्ष इथं कुणी विसरलेलं नाही. पावसानं दगा दिला आणि सप्टेंबरातच कर्नाटक सरकारनं १९५ तालुके दुष्काळी जाहीर केले. त्याच्या आधी जूनमध्ये हिडकलचं पाणी इतकं खाली गेलं होतं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ मोकळं झालं आणि लोक दर्शनाला चालत गेले. त्या हिवाळ्यात मी इथं जे बघितलं ते पुन्हा बघायला मिळेल की नाही कोण जाणे. गाळाच्या पट्ट्यावर तलवार बदकं, थापटे बदकं, वारकरी नावाची पाणपाखरं, सगळे दाटीवाटीनं. थापटे गोल गोल फिरत आपली फताडी चोच पाण्यावर घासत होते, एकाच्या पायानं ढवळलेलं दुसऱ्याच्या चोचीत जात होतं. गावोगावचे लोक मोबाईलवर व्हिडिओ काढून ‘यंदा विक्रमी पक्षी’ म्हणून पाठवत होते. कसला विक्रम? पूर्वेकडचे छोटे तलाव आटून भेगाळले होते, म्हणून पाखरांना जिथं पाणी उरलं तिथं येण्यावाचून इलाज नव्हता.

यंदा सगळीकडं पाणी आहे. अथणीकडच्या तळ्यांत, सौंदत्तीच्या धरणात, खाली बागलकोट-गदगपर्यंत, आलमट्टीच्या फुगवट्यात. तेवढीच पाखरं पातळ होऊन पसरलीत. टपरीवाल्याला हे सांगून पटलं असं वाटत नाही. अर्कान्सासच्या त्या शिकाऱ्यांनाही नसेल पटत. माणसाला आपलं तळं म्हणजेच जग वाटतं.

यासाठीच आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत सगळ्या देशांत साधारण एकाच वेळी घेतात, १९८७ पासून. एका धरणाच्या काठावर उभं राहून पाखरं वाढली की घटली हे ठरवता येत नाही, मग बघणारा कितीही जुना असो.

३० नोव्हेंबर

खानापूरला तात्यांकडं. भात कापून झालेलं, मळणी अर्धी राहिलेली. परवा बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं ढग इकडवर आलं आणि भुरभुर झाली, त्यामुळं तात्या वैतागलेले. विषय बदलावा म्हणून पाणलावा या पाखराचं काढलं, तर खुलले.

तात्या ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या तरुणपणी घरात ठासणीची बंदूक होती, शेतराखणीच्या लायसनची. (निवडणूक आली की अजूनही ती ठाण्यात जमा करायला लागते. ती घेऊन निघालेल्या तात्यांचं मतदान तिथंच सुरू झालेलं असतं.) बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यात होतं, नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. कॅम्पातले लष्करी साहेब जीप घेऊन भाताच्या खाचरांत पाणलावे मारायला यायचे आणि तात्या पोरगेले असताना पडलेलं पाखरू शोधून द्यायला पळायचे. पाणलावा पायाखालून उठतो, ‘चर्र’ असा आवाज करून वाकडातिकडा उडतो. ठासणीच्या बंदुकीनं तो पडायचा नाही, असं तात्या म्हणाले. ‘‘घोडा ओढून बार निघंपर्यंत ते पलीकडच्या बांधावर बसायचं.’’

बदकं मात्र त्यांनी मारलीत, हे ते लपवत नाहीत. कुठल्या हवेत जायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ‘‘आभाळ भरलेलं, वारं सुटलेलं पाहिजे. तवा ती मधल्या पाण्यात टिकत न्हाईत, आडोशाला बांधाकडं येतात, आणि उडतात बी खालनं. उन्हाचं कशाला जायाचं, नुसतं बघायला? आणि धुकं पडलं तर घरात झोपायचं.’’

मी त्यांना मिनेसोटाच्या गड्याबद्दल सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्याला लायसनला किती पडतात?’’

१४ डिसेंबर

थंडी पडली. सकाळी नऊपर्यंत धुकं. काही नाही.

११ जानेवारी

धुपदाळला गेलो होतो. घटप्रभेवरचा जुना बंधारा, १९७४ पासूनचं अभयारण्य. कांड्या करकोच्यांसाठी गेलो आणि ते मिळाले. बरेच होते, लांब वाळूच्या पट्टीवर. शेजारच्या शेतकऱ्याला त्यांचं कौतुक नाही. हरभऱ्यात उतरतात आणि डोळ्यांदेखत घाटे साफ करतात. ‘‘तुमी फोटो काढून जाता, राखण आमी करायची,’’ म्हणाला. यावर मी काय बोलणार?

परत येताना गावाचं नाव लिहीत नाही अशा एका लहान तळ्यावर थांबलो. बांधाच्या कडेनं पाण्यात काड्या खोचलेल्या, हातभर अंतरावर, आणि एका काडीवरून दुसरीवर नायलॉनचा बारीक दोरा. त्याला फासे, सगळे एकाच उंचीवर, पोहत येणाऱ्या बदकाच्या गळ्याशी लागतील असे. हे काम पोरखेळाचं नव्हतं. एका फाशात पिसं अडकलेली होती, टोकाला पांढरी, वर तपकिरी. कुणाची ते ओळखता आलं नाही. मी दोरा तोडला, काड्या उपटल्या आणि निघालो. उद्या पुन्हा लागेल, हे माहीत आहे.

बंदुकीची शिकार इथं आवाजामुळं कधीच मागं पडली. फासा गप असतो. आणि फासे लावणाऱ्याला भरलेलं वर्ष परवडत नाही. पाखरं पसरलेली असतात, दोरा कुठं कुठं बांधणार? त्याची चंगळ दुष्काळात. दोन हजार तेवीसच्या त्या हिवाळ्यात किती फासे लागले असतील, याचा विचार त्या वेळी गर्दीचे व्हिडिओ बघताना माझ्या डोक्यात आला नव्हता.

ब्रिटनमध्ये शिकार चालते, खरं तिथं एक नियम चांगला आहे. गोठवणारी थंडी लांबली की पाखरं उपाशी पडतात, उरल्यासुरल्या उघड्या पाण्यावर गोळा होतात आणि उडायला ताकद राहत नाही. म्हणून सात दिवस झाले की शिकाऱ्यांना आपणहून हात आवरायला सांगतात आणि पंधरा दिवस झाले तर सरकार शिकार थांबवण्याचा हुकूम काढतं. हवा पाखरांच्या विरोधात गेली की माणसानं मागं व्हायचं, एवढी साधी गोष्ट. आमच्याकडं ती पाळी बर्फानं येत नाही, कोरड्या पावसाळ्यानं येते. शिकार बारमाही बंद आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो. राखणदार मात्र भरल्या वर्षी जेवढे, कोरड्या वर्षी तेवढेच. पाऊस फसलेल्या वर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जिथं पाणी उरलंय तिथं माणसं वाढवायला हवीत. कुठली तळी उरणार हे ऑक्टोबरातच कळतं, त्याला उपग्रह लागत नाही, पाटबंधाऱ्याचा कुठलाही चौकीदार सांगेल.

२ मार्च

ऊन चटकायला लागलं. हिडकलला पाणी उतरून अखेर गाळ उघडा पडलाय आणि आता पाखरांची परतीची वेळ! पट्टकादंब हंसांचा एक थवा मिळाला. डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे, नारिंगी चोच, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. दिवसा पाण्याकाठी झोप आणि रात्री हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरणं, असं त्यांचं इथं चालतं. मंगोलियात गळ्यात कॉलर घातलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसलेत, म्हणून मी प्रत्येकाची मान बघत बसलो. कॉलर एकाच्याही मानेत नव्हती.

हिमालय ओलांडायचा तर मागून वारा मिळेपर्यंत ते थांबत असतील असं मला वाटायचं. पाठीवर यंत्र बांधून त्यांचा माग काढला तेव्हा उलटंच निघालं. दुपारी दरीतून वर चढणारा वारा ते घेतच नाहीत. रात्री किंवा पहाटे निघतात, हवा थंड, दाट आणि स्थिर असते तेव्हा. दाट हवेत पंखाला आधार जास्त मिळतो आणि श्वासही. फुकटच्या वाऱ्यापेक्षा भरवशाची हवा बरी, असा त्यांचा हिशेब असावा.

९ मार्च

अर्ज लिहायला घेतला. त्या लहान तळ्याबद्दल, आणि पुढं कोरडं वर्ष आलं तर काय करावं याबद्दल. अर्ज कन्नडमध्येच द्यावा लागणार, तेव्हा शेजारच्या पोरीला बसवून लिहून घेतोय. ती दहावीला आहे आणि माझ्या वाक्यांवर हसते.

फासे कसे ओळखायचे, काड्या कुठल्या बाजूला खोचतात, हा भाग मला नीट जमेना म्हणून तात्यांना फोन केला. त्यांनी इतकं बारकाईनं सांगितलं की मला शंका आली. विचारलं, तर म्हणाले, ‘‘तू लिही गप. आणि खाली माझं नाव घालू नको.’’